टिटवीची हद्द

सोमवार, ११ एप्रिल १९८३. हेळंबी तलाव

पोचलो एकदाचा. अहमदपूरच्या गाडीनं फाट्यावर उतरवलं, तिथून ट्रंक खांद्यावर मारून पायी आलो. पाळीवर चढल्यावर तळं दिसलं आणि तोंडून आपसूक शीळ निघाली. निम्म्याहून जास्त आटलंय, पण उरलेलं पाणी कसं झळाळतंय! ओढ्याच्या तोंडाशी चित्रबलाक गुडघाभर पाण्यात उभे, मानपानावरून रुसलेल्या व्याह्यांसारखे गंभीर. लाल काड्यांच्या पायांवर शेकाटे. चमचे चोची हलवत चिखल ढवळत होते. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी, नदीसुरय, आणि ओल्या कडेनं टिटव्या, पोलीस पाटलासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडत. चहासुद्धा न पिता सगळी नावं लिहून काढली.

नोकरी झकास आहे. लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्षही झालं नाही. नव्या जिल्ह्यात काय काय आहे याचं पुस्तक निघणार म्हणे, त्यात दोन पानं पाखरांची. एका इंजिनिअर साहेबांना पाखरांचं वेड. त्यांना उन्हाळाभर तळ्यावर राहून नोंदी करणारा माणूस हवा होता. झूऑलॉजीची दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षी कॉलेजला लाथ मारलेला मी त्यांना सापडलो. साहेबांनी दुर्बीण दिली, पाळीवरची चौकी राहायला दिली.

नांदेडात त्या डेमॉन्स्ट्रेटरच्या कानाखाली ओढली, त्याचं मला अजूनही काही वाटत नाही. रत्नम्माचं नाव त्यानं ज्या तऱ्हेनं घेतलं, त्याला दुसराही कान द्यायला हवा होता. देगलूरला बाप बोलत नाही. न बोलू दे.

आमचं कानावर गेलं म्हणून रत्नम्माला तिच्या बापानं, माणिकप्पानं, दिवाळीत नांदेडच्या मावशीच्या घरून उचलून आणली ती याच गावात; मला त्यानं कधी बघितलेलं नाही. हेळंबी पाळीच्या खाली वसलंय. चौकीतून एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला, खाली, पत्र्यांची आणि धाब्याची घरं. दुर्बीण दोन्हीकडं चालते.

बुधवार, १३ एप्रिल

आज वेडे राघू दिसले, पाळीच्या मातीत बिळं पाडून बसलेत. तारेवर नीलपंख. सांडव्याच्या दगडावर खंड्या.

ज्ञानोबा पाटकरी दिवसातून एकदा चक्कर मारतो. पाटात पाणी नाही, तरी खांद्यावर फावडं. मला त्यानं पहिल्याच भेटीत पाखरमास्तर करून टाकलं. म्हणाला, जिल्हा नवा झाला, हापिसं नवी झाली, पाट्यांवर रंग बी नवा, फक्त पाणी तेवढं उस्मानाबादलाच ऱ्हायलं का काय कुणास ठावं. मी हसलो तर म्हणाला, हसा, हसा, तुमचं काय, पाखरं मोजून राहिलाव.

रत्नम्मा भेटली. विहिरीवरून येत होती, डोक्यावर दोन घागरी. मला बघून थांबली नाही. पुढं जाऊन, मान न वळवता, एवढंच म्हणाली, की दुर्बिणीची काच उन्हात चमकते, साऱ्या गावाला कळतं कुणाच्या अंगणात बघून राहिलास ते, येड्या. मी दिवसभर तेच वाक्य चघळतोय.

रविवार, १७ एप्रिल

डोकं फिरलंय. नीट लिहितो.

इथं पाडवा झाला की गाव टिटवीची अंडी बघायला निघतं. टिटवी घरटं करत नाही, उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करून त्यात अंडी घालते, हे मलाही ठाऊक आहे. पण गावाचा हिशेब वेगळा. तिनं अंडी तळ्याच्या पोटात घातली तर पाऊस नाही. पाळीवर घातली तर तळं तिथवर भरणार. ज्ञानोबा म्हणाला, टिटवीला कळतं असं लोक म्हंत्यात, पर तसं न्हाई. ती हद्द घालून देती. पाणी तिला इचारून येतं अन् तिच्या अंड्याखाली थांबतं. म्हणून त्या अंड्याला कुणी हात लावायचा न्हाई.

आज अंडी सापडली. चौकीच्या अलीकडं, आतल्या उतारावर, पाळीच्या माथ्याच्या जरा खाली. चार अंडी, टोकं आत. जोडी डोक्यावर घिरट्या घालत कान किटेपर्यंत ओरडत होती आणि गाव खाली हात जोडून उभं. बायकांनी हळद वाहिली.

आणि तिथंच, माझ्या देखत, माणिकप्पानं जाहीर केलं की चला, साल चांगलं जाणार, रत्नम्माचं लग्न वैशाखात उरकतो. नवरा निलंग्याचा. ऊस आहे, जीप आहे. लोकांनी लगेच पान-सुपारी काढली. माझ्याकडं बघून माणिकप्पा म्हणाला, पाखरमास्तर, जेवायला राहा लग्नाला, पंगतीत कावळे किती येतात ते बी लिहा. सगळे हसले. मी पण दात दाखवले. का दाखवले? त्याच पाळीवरून ढकलून द्यायला पाहिजे होता.

सोमवार, १८ एप्रिल

ज्ञानोबाला विचारलं, अंडी खाली असती तर? तो म्हणाला, मग कशाचं लगीन! कोरड्या सालात सून घरात आली तर सासरचे म्हणणार हिच्याच पायगुणानं दुष्काळ आला. जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. माणिकप्पा कडू हाय, पर लेकीच्या बाबतीत असं करणार न्हाई. पुढच्या सालावर ढकलील.

पुढचं साल. एका वर्षात मी काहीही करू शकतो.

मंगळवार, १९ एप्रिल

केलं.

भर दुपारी केलं. गाव झोपलेलं, ऊन असं की पाळीवरचा दगड पायाला चटका देत होता. चारही अंडी टोपीत घेतली आणि तळ्यात उतरलो, जिथं गाळ सगळ्यात खोल आहे आणि पाण्याची शेवटची कड आहे, तिथं. खडे नेले, तशीच मांडली, टोकं आत.  राग असला की माझं काम नेटकं होतं.

एक गोष्ट. टिटव्या ओरडल्या नाहीत. जोडी माझ्या मागून चालत आली. उडत नाही, चालत. मी अंडी ठेवली, मागं सरलो, आणि मादी गेली आणि बसली. जणू इथंच घातली होती. पुस्तकात असं नाही. हलवलेली अंडी टिटवी सोडून देते.

गुरुवार, २१ एप्रिल

गुरं घेऊन गेलेल्यांनी बघितलं. गावात कालवा. टिटवीनं दुसऱ्यांदा घातली, खाली घातली, असं ठरलं. माणिकप्पा स्वतः आला, गाळाच्या कडेला उभा राहिला. मग म्हणाला, निलंग्याला निरोप धाडा, यंदा नको. पोरीला बोल लागंल.

मी चौकीत येऊन दार लावून नाचलो. खरं लिहायचं तर नाचलो.

ज्ञानोबा नाचत नव्हता. तो दारात येऊन म्हणाला की टिटव्या मुक्या का झाल्या, मास्तर? मी म्हटलं, उन्हानं. तो म्हणाला, टिटवी उन्हाला भीती व्हय. आणि माझ्याकडं असं बघितलं की मला संताप आला. मी त्याला हाकललं.

रविवार, २४ एप्रिल

चित्रबलाक गेले. चमचे गेले. सुरय गेले. तळ्यातलं पाणी दोनच दिवसांत खाली बसलं. आटलं नाही, आटायला वेळ लागतो. खाली बसलं. अंडी जिथं ठेवली त्या पातळीच्या खाली जाऊन एका डबक्यात थांबलं.

गावातली विहीर आज सकाळी कोरडी निघाली. पोहरा तळाला आपटल्याचा आवाज मला इथवर आला.

उन्हाळा आहे. विहिरी आटतात. यात काय नवल आहे?

मंगळवार, २६ एप्रिल

माझा माठ रिकामा. रात्री झाकण ठेवून भरलेला. ठिपकत नाही, फुटलेला नाही, खाली ओल नाही. आत हात घातला तर धूळ.

सरजाबाई, मला भाकरी देते ती, सांगत होती की तिच्या घरात पण तसंच. तांब्यात ओतलं की पिऊन टाकायचं, ठेवलं की जातं. म्हशीनं दूध चोरलं. कणीक मळता मळता पिठासारखी सुटी होते. ती कुणाला तरी शिव्या देत होती, पण कुणाला ते तिलाच कळत नव्हतं. मी भाकरी घेतली आणि मान खाली घालून आलो. मला का बोलतेय? मी काय केलं? चार अंडी उचलून खाली ठेवली. बास.

तळ्यात आता फक्त टिटव्या. जोडी नाही, पुष्कळ. कुठून आल्या माहीत नाही. अंड्यांच्या भोवती कडं करून उभ्या. एकही ओरडत नाही. तोंडं सगळ्यांची चौकीकडं.

शुक्रवार, २९ एप्रिल

घाम येत नाही. एवढ्या उन्हात घाम येत नाही. थुंकी येत नाही. खाली डबक्यापाशी गेलो की तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो. वर पाळीवर आलो की पुन्हा कोरडा. सारखं वर-खाली करून बघितलं. अंड्याच्या वर पाणी नाही. कुठंच नाही. विहिरीत, माठात, म्हशीत, माणसात.

ज्ञानोबानं सांगितलं ते मी गंमत म्हणून लिहून घेतलं होतं.

गावातली माणसं आता दिवसभर तळ्याच्या पोटात बसून असतात. तिथंच पितात, तिथंच पोरांना पाजतात. वर येतात ती ओठ फाटलेली. माणिकप्पानं आपल्या दुकानातला गूळ सगळ्यांना वाटला, गिळवत नाही म्हणून पोरं रडली. डोळ्यांतून काही आलं नाही.

सोमवार, २ मे

रत्नम्माला सांगितलं. सांगावंच लागलं. ती डबक्याच्या कडेला बसून तिच्या आईच्या तोंडात पाण्याचं बोट फिरवत होती. बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्यासाठी केलं.

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा हात धरेल. तिनं मला तोंडभर शिव्या दिल्या, कानडीत, म्हणजे मनापासून. मग मराठीत म्हणाली, माझ्यासाठी? मला इचारलंस? मी अप्पाला सांगणारच होते की निलंग्याला जाणार न्हाई म्हणून. तोंड हाय मला. अप्पानं न इचारता लगीन ठरवलं, तू न इचारता मोडलंस, तुझ्यात अन् त्यात फरक काय, सांग. एवढं दूध आटवलंस, कुणासाठी? माझ्यासाठी म्हणू नकोस, माझं नाव घालू नकोस त्यात.

मी पण ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. तिनं डोळे पुसायला पदर उचलला आणि पदर कोरडाच राहिला. 

म्हणाली, जा, उचल अन् वर ठेव.

बुधवार, ४ मे

गेलो. टिटव्यांनी वाट दिली. सरकल्या, दोन्हीकडं उभ्या राहिल्या, कुणी चोच उघडली नाही. ओरडा ना, म्हणालो. ओरडा! एक ढेकूळ फेकलं. ते एकीच्या छातीवर बसलं आणि ती हललीसुद्धा नाही.

गाळ तडकलाय. अंडी जिथं होती तिथं भेग. तीन भेगेच्या तोंडाशी फुटून पडलेली, आत बारीक माती, बास. चौथं खाली. हात खांद्यापर्यंत घातला. बोटाला लागलं, गरम, आणि घसरून आणखी खाली गेलं.

माझ्या डोळ्यांदेखत डबकं त्याच्यामागं खाली गेलं.

शनिवार, ७ मे

पाण्यासाठी गावानं तिथंच झिरा खणायला घेतला. पाणी लागतं, माणूस वाकतो, पाणी खाली जातं. पुन्हा खणायचं. अंडं भेगेतून उतरून राहिलंय आणि पाणी त्याच्या खाली.

मी पण खणतो. सगळ्यात जास्त मीच खणतो. माणिकप्पा माझ्याशेजारी खोरं मारतो. आज तो म्हणाला, पोरा, तू बाहेरचा, तू जा, तुझं काय अडलंय इथं. चांगुलपणानं म्हणाला. मला त्याच्या तोंडावर ओरडायचं होतं की मीच, मीच. नरड्यातून आवाज निघाला नाही. कोरडं.

मंगळवार, १० मे

सरजाबाई सकाळी वर घरी गेली, पोरासाठी तवा आणायला. परत आली नाही. ज्ञानोबा बघून आला. म्हणाला, उंबऱ्यात बसलीय. सुकलेल्या शेंगेसारखी हलकी झालीय. त्यानं एकट्यानं उचलली.

कोण करतंय हे? टिटव्या? त्या तर नुसत्या उभ्या आहेत.

गुरुवार, १२ मे

झिऱ्याला आता शिडी पुरत नाही, दोर लावलाय. रुंद माणूस मावत नाही. माझे खांदे अडकतात. काल अडकलो, ओढून काढलं.

रत्नम्मा म्हणते मी उतरते. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुला इचारलं न्हाई.

रविवार, १५ मे. अक्षय्य तृतीया

सकाळी.

ती उतरली. दोर माझ्या आणि माणिकप्पाच्या हातात. खालून म्हणाली, मिळालं. मग म्हणाली, ओढा, पाणी येऊन राहिलंय, ओढा.

ओढली. ती वर येत होती आणि पाणी तिच्याबरोबर. पाझरत नव्हतं, उभं राहत होतं. अंडं तिच्या कमरेला, ओच्यात. पाणी कमरेपर्यंत. ती वर, पाणी वर. लोक पळाले. ती गाळातून पाळीकडं चालत आली आणि सगळं तळं तिच्या कमरेएवढं होत मागून आलं. तोंडावर पाणी ओघळत होतं तिच्या. रडत होती. खरी रडत होती.

अंडं जुन्या जागी ठेवलं. हळद अजून दगडाला होती. पाणी त्याच्या खालपर्यंत चढलं आणि थांबलं.

थांबलं!

खाली गावात विहिरीवर बायका ओरडतायत, आनंदानं. रत्नम्मा हसली. माझ्याकडं बघून नाही, पण हसली. म्हणाली, तू इथंच बस, नजर ठेव, मी आईला बघून येते. हलू नकोस, येड्या.

बसलोय. हललो नाही.

दुपारी

अंडं आतून टकटक करतंय.

फुटलं. पिल्लू ओलं आहे. टिटवीचं पिल्लू त्याच दिवशी पायावर उभं राहतं. सुकलं की चालायला लागतं. हे मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी—

चाललंय. वर. पाळीच्या माथ्याकडं. एक पाऊल, आणि पाणी माझ्या ढोपराला. पलीकडं गाव. घरं पाण्याच्या पातळीच्या खाली आहेत, सगळी, तिचंही—

धरलं. डाव्या मुठीत आहे. मूठ खाली धरली की पाणी खाली जातं. मी हसलो.

हाक मारली. कुणाला ऐकू जात नाही, खाली हलगी वाजतेय. रत्नम्मा दारात दिसतेय, आईला धरून. ते सगळे उलट खालीच, विहिरीकडं—

मुरगाळू? बाकीची तीन मेली तेव्हा पाणी खाली गेलं की— नाही, हद्दच राहिली नाही तर? कुणाला विचारू? ज्ञानोबा विचारायला आला तेव्हा मीच हाकलला.

मुठीत धडधडतंय.

पिल्लू ओरडलं. एकदाच. बारीक.

सगळ्या उडाल्या. महिनाभर मुक्या होत्या त्या सगळ्या, एकदम, माझ्या डोक्यावर— असला आवाज—

झडप. कान फाटला. ह्या वहीवर रक्त ते माझं. खाली मान घालून लिहितोय, उजव्या हातानं, डावा मांडीखाली दाबून धरलाय. त्या डोळ्यांवर येतायत. माणूस डोळ्यांवर आलं की हात वर करतो, आपोआप करतो— करायचा नाही. रत्नम्मा, वर ये, पाळीवर ये, सगळ्यांना घेऊन— वर बघ ना, एकदा वर—

मांडीखालून हात निसटतोय. धरून ठेव. डोळा गेला तरी चालेल. काहीही झालं तरी हात वर